थोरलीचं वजन

कुंडलिक सोनारानं टाक काट्यावर ठेवला, आकडा वाचला, आणि आधी काट्यालाच शिवी घातली.

टाक तो केवढा, अंगठ्याच्या नखाएवढा. सोन्याचा पातळ पत्रा, त्यावर ठशानं उठवलेली एक उभी बाई, वर दोरा ओवायला कडी. असा टाक भरून भरून भरणार किती, फार तर ग्रॅम-सव्वा ग्रॅम. काटा सात ग्रॅम दाखवत होता. कुंडलिकनं काटा बंद करून परत चालू केला, ताटली फडक्यानं पुसली, आपल्या बोटातली अंगठी काढून ठेवून बघितली. पाच ग्रॅमची अंगठी साडेचार भरली. म्हणजे काटा खोटा असलाच तर कमी दाखवणारा होता, जास्त नव्हे. त्याचं डोकं चालेना.

समोर अंजना बसली होती. वेल्ह्याच्या वाटेवरच्या एका वाडीतली, सर्जेरावाची दुसरी बायको, तिशी ओलांडलेली, मोजकं बोलणारी. दोन एसट्या बदलून ती भोरच्या पेठेत आली होती, टाकाची कडी नव्यानं डाकून घ्यायला. दोरा टिकत नाही, चैतापासून तीनदा तुटला, असं तिनं सांगितलं. साधा दोरा काढून रेशमी गोफ घातला तर तोही तुटला, आणि आता कडीच ताणून फाकली. मग तिनं मान वळवून मानेवरचा वळ दाखवला. दोरा रुतून कातडी लाल झाली होती.

"थोरली जड झालीय, शेठ," ती म्हणाली.

थोरली म्हणजे सर्जेरावाची पहिली बायको, सुलक्षणा. तिला जाऊन साडेआठ वर्षं झाली होती. आपल्याकडं जुनी रीत आहे, पहिली वारली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. नवं लुगडं आधी त्या टाकाला दाखवायचं, सणाचा पहिला घास तिला, हळदीकुंकूही आधी तिला. मेलेलीचा मान ठेवला की ती संसारात पाय घालत नाही, असं म्हातारी माणसं सांगतात. शिकलेल्यांना याचं हसू येतं, तर येऊ दे. एकाच चुलीवर ज्या घरात दोघी रांधून गेल्या, त्या घरात जाऊन हसून दाखवावं.

काटा बिघडलाय, एवढंच कुंडलिक म्हणाला. कडी डाकून, पाण्यात विझवून त्यानं टाक परत दिला. दोरा ओवायला अंजनानं तो क्षणभर काउंटरवर ठेवला आणि कट् असा आवाज झाला. नव्याकोऱ्या काउंटरची जाड काच एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चिरली होती. अंजना घाबरली, भरून देते म्हणाली. कुंडलिकनं तिच्याकडून एक पैसा घेतला नाही, मजुरीचासुद्धा नाही. ती गेल्यावर बराच वेळ तो त्या चिरेवरून बोट फिरवत बसला, कारण ती काच कुणाच्या पैशातून आली होती ते पेठेत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

कुंडलिक माणूस वाईट नव्हता, हे इथंच सांगितलेलं बरं. वाईट माणसाचं असं काही होत नाही. तो खुशाल झोपतो.

दोन हजार सोळाच्या नोव्हेंबरात रात्री आठला टीव्हीवर सांगितलं, पाचशे-हजाराच्या नोटा आज बाराला बंद. दुसऱ्या दिवशी बँकांना कुलपं आणि सोनारांच्या दाराशी माणसं. त्या गर्दीत सुलक्षणा आली, काखेत पिठाची पिशवी घेऊन. ती कापूरहोळच्या एका ढाब्यावर भाकऱ्या थापायला जायची. तिचं माहेर भोरजवळचं, लग्नातले मणी कुंडलिकच्या बापानं ओवलेले, म्हणून ती याच दुकानात आली. पिशवीत पाचशेच्या एकशेवीस नोटा होत्या. सहा वर्षं तिनं त्या पिठाच्या डब्यात लपवल्या होत्या, नवऱ्याला कळू न देता. तिच्या माहेरच्या पाटल्या सर्जेरावानं बोअर मारायला मोडल्या होत्या, आणि बोअरला लागली ती धूळ. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला होता. प्रत्येक घडीतून बाजरीचं पीठ गळत होतं.

"सरकार कागदाचा कागद करू शकतं, शेठ," ती म्हणाली. "सोन्याचं काय करनार? मला पाटल्या द्या."

त्या दिवशी जुन्या नोटा घेऊन तोळ्याला पंचेचाळीस न् पन्नास हजार सांगणारे होते. कुंडलिकनं खरा भाव लावला, तीस हजार. साठ हजारांत दोन तोळे. हातात तेवढं सोनं नव्हतं, महिन्यानं ये म्हणाला. तिनं मनगटाला दोरा गुंडाळून माप दिलं, गाठ मारली. पावतीचं निघालं तेव्हा तीच हसली आणि तुमचा शब्द हाय की, म्हणाली.

महिन्याच्या आत तिला काविळीनं नेलं.

कुंडलिक वाट बघत राहिला. तेराव्यानंतर सर्जेराव येईल, मग महिन्यानं येईल, मग सुगी झाल्यावर येईल. कोणी येईना, कारण कोणाला ठाऊकच नव्हतं. मागायला आले असते तर दिलं असतं, असं तो मनाशी म्हणायचा, आणि इतक्यांदा म्हणाला की पुढं पुढं ते खरं वाटायला लागलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. नोटा केव्हाच दुकानाच्या गल्ल्यातून बँकेत भरून झाल्या होत्या. पुढच्या शिमग्याच्या सुमाराला बँकेतल्या एकानं त्याला सरकारच्या सुवर्णरोख्यांबद्दल सांगितलं. कागदावर सोनं घ्यायचं, सहा महिन्यांनी थोडं व्याज, आणि आठ वर्षांनी त्या दिवसाच्या भावानं पैसे. कुंडलिकनं बरोबर वीस ग्रॅम घेतलं. तिचंच सोनं सरकारकडं सांभाळायला ठेवलंय, असं त्यानं स्वतःला समजावलं. कागदावर नाव मात्र कुंडलिकचं होतं.

दोन हजार अठरात सर्जेरावानं अंजनाशी लग्न केलं आणि टाक घडवायला तो याच दुकानात आला. त्यानं एक ग्रॅम सोनं दिलं. ठशावर पत्रा ठेवताना कुंडलिकचा हात थांबला. त्यानं खणातून आपल्याजवळचं गुंजभर सोनं काढलं आणि त्या ग्रॅममध्ये आटवलं. कोणी बघितलं नाही. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

तेच चुकलं. त्याचा बाप सांगायचा, मेलेल्याचं देणं असलं तर एकदम द्यावं, नाहीतर मुळीच देऊ नये. चिमूटभर दिलंस की तू कबूल केलंस, आणि मग बाकीचं तो घेतो. बाप गेला तेव्हा कुंडलिकला वाटलं होतं, म्हाताऱ्याच्या असल्या गोष्टीही त्याच्याबरोबर गेल्या.

रोख्यांची मुदत दोन हजार पंचवीसच्या मार्चात संपली. पावणेदोन लाखांच्या आसपास रक्कम खात्यात आली, आणि कुंडलिकनं दुकानात काचेचं काउंटर केलं, एसी बसवला. हायवेला मोठी चकचकीत दुकानं झाली होती, सोन्यानं लाखाला हात लावला होता, गिऱ्हाईक टिकवायचं तर एवढं करावंच लागतं, असं त्यानं बायकोला सांगितलं. त्याच चैतात अंजनाच्या गळ्यातला दोरा पहिल्यांदा तुटला. आठ वर्षं थोरली गप्प होती. मुदत तिलाही ठाऊक असावी.

अंजना परत आली ती पितृपंधरवड्यात, अविधवा नवमीच्या दुसऱ्या दिवशी. आता टाक तिच्या गळ्यात नव्हता. फडक्यात गुंडाळून कनवटीला खोचला होता आणि त्या भारानं ती एका अंगाला झुकून चालत होती. काटा म्हणाला, पंधरा ग्रॅम. टाक होता तेवढाच, नखाएवढा.

सोन्याहून जड काय असतं, असं कुंडलिकच्या मनात आलं. त्यानं कसोटीच्या दगडावर टाक घासला. रेघ स्वच्छ पिवळी उमटली, तसूभरही भेसळ नाही. मग त्यानं डोळ्याला भिंग लावलं. टाकावरची बाई नेहमीचीच होती, कासोटा घातलेली, हात खाली सोडलेली. पण मनगटं मोकळी होती. त्यानं ठसा काढून बघितला. बापाच्या वेळचा तो ठसा, तालुक्यातल्या कितीक मेलेल्या बायका त्याच एका ठशातून निघालेल्या, आणि त्यात दोन्ही मनगटांवर दोन-दोन रेघा होत्या, पाटल्यांच्या. सगळ्या टाकांवर त्या उठायच्या. या एकीवर नव्हत्या.

अंजना त्याच्या तोंडाकडं बघत होती. तिनं हलक्या आवाजात विचारलं, "थोरलीचं काय ऱ्हायलंय का शेठ? म्या सगळं करते तिचं. काल पुरणाचं केलं. तरी सारकं वाटतं कुनीतरी हात फुडं करून बसलंय."

काही राहिलेलं नाही, असं कुंडलिक म्हणाला. हे बोलताना त्याच्याच्यानं तिच्याकडं बघवलं नाही.

ती गेल्यावर त्यानं दुपारीच शटर ओढलं आणि तिजोरी उघडली. गिऱ्हाइकांचे दागिने एकेक काट्यावर ठेवले, सगळ्यांची वजनं वहीबरहुकूम होती. मग स्वतःचे काढले. बापाची भिकबाळी, आईची पोत, स्वतःचा गोफ, मुलाच्या मुंजीतली साखळी. दिसायला सगळं जसंच्या तसं, एक कडी कमी नव्हती. पण गोफ हातात घेतला तर वाळलेली काटकी उचलल्यासारखा वाटला. पोत काट्यावर ठेवली आणि काटा हललाच नाही. जे कमी झालं होतं त्याची बेरीज करायची गरज नव्हती. ती बेरीज वेल्ह्याच्या एसटीत बसून गेली होती.

संध्याकाळी घरी गेला तर माधुरी, त्याची बायको, परसात बसली होती. तिच्यासमोर रिठ्याच्या पाण्याचं पातेलं होतं. दसरा जवळ आला म्हणून तिनं मंगळसूत्र धुवायला काढलं होतं. तिनं त्याला बोलावलं आणि पाण्याकडं बोट दाखवलं. मंगळसूत्राला दोन वाट्या असतात, एक माहेरची, एक सासरची. माहेरची वाटी तळाला गेली होती. सासरची पाण्यावर तरंगत होती. माधुरीनं ती बोटानं खाली दाबली. बोट काढल्यावर ती परत वर आली.

"माझ्या माहेरचं सोनं जागच्या जागी आहे," ती म्हणाली. "तुमच्याच घरचं जातंय. तुम्ही काय केलंय?"

सोनारानं कान टोचले म्हणजे दुखत नाहीत म्हणतात. सोनाराचे कुणी टोचायचे? आत लाख कमी भरलीय, पोकळी राहिलीय, अशी काहीतरी थाप कुंडलिकनं मारली. तीस वर्षं सोनाराच्या घरात काढलेल्या बाईला ती पटणार नव्हतीच. पण रात्रभर तो भीत राहिला. बाकी सोनं गेलं तर गेलं, पण ती वाटी त्याच्या नावानं बांधलेली होती. घरातलं दुसरं सगळं रिकामं झालं होतं, उरलं होतं ते त्या वाटीतलं चिमूटभर, आणि ते संपल्यावर थोरली काय उचलेल हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. हल्ली दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना त्याला दम लागायचा. अंग हलकं वाटायचं, वारं आलं तर कशाला तरी धरावंसं वाटायचं.

तरीसुद्धा खरं बोलायचं त्याच्या जिवावर आलं. माणूस मरायला तयार होतो, पण चारचौघांत खाली बघायला नाही. त्यानं मधला रस्ता काढला. बँकेतून साठ हजार काढले, पाचशेच्या नव्या करड्या नोटा, एकशेवीस. घेतले तेवढे परत, यात वाईट काय? रोख्याचं त्यानं मनातसुद्धा आणलं नाही. साठ हजारांत आता जेमतेम अर्धा तोळा येत होता, तेही नाही.

नसरापुरात गाडी बदलून तो भर दुपारी वाडीत पोचला. सर्जेराव ओसरीवर विळ्याला धार लावत होता. थोरलीची थोडी ठेव माझ्याकडं होती, कामाच्या रगाड्यात राहून गेलं, असं कुंडलिकनं सांगितलं. सर्जेराव आधी चकित झाला, मग खूश झाला. असा प्रामाणिक माणूस कलियुगात सापडत नाही, म्हणाला. कुंडलिकला तो शब्द गिळताना त्रास झाला, पण त्यानं तो चहाबरोबर गिळला. अंजनानं नोटा स्वतः मोजल्या, कापडी पिशवीत भरल्या आणि देव्हाऱ्यात टाकाच्या पायाशी ठेवल्या. निघताना कुंडलिकनं वळून देव्हाऱ्याकडं बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी अंजना दुकानात हजर. पदराखालून तिनं तीच पिशवी काढून काउंटरवर ठेवली. पिशवीचं तोंड बांधता येत नव्हतं, कारण आतल्या नोटा आता मोठ्या होत्या. पाचशेच्याच, पण जुन्या. रुंद, पिवळट, आठ-नऊ वर्षांपूर्वी बंद झालेल्या. कुंडलिकनं वरची नोट उचलली. घडीतून बाजरीचं पीठ काचेवर सांडलं, ताज्या दळणाचं, वास अजून येत होता.

हे कागद तर त्यानं स्वतःच्या हातानं बँकेत भरले होते. तिथून ते कुठं फाडायला, दाबायला गेले असतील ते गेले असतील. असल्या नोटा दहाच्या वर जवळ बाळगणं गुन्हा आहे, एवढं त्याला माहीत होतं, आणि अशा एकशेवीस त्याच्यासमोर पडल्या होत्या.

"ह्या तुमी दिलेल्या न्हाईत, मला ठाव हाय," अंजना म्हणाली. "म्या मोजल्या तवा नव्या व्हत्या. मालकास्नी अजून दावल्या न्हाईत. थोरलीनं परत केल्यात, शेठ. तिनं तुमाला काय दिलं व्हतं?"

विचारणं अगदी साधं होतं, त्यात राग नव्हता. राग असता तर कुंडलिक भांडला असता, पावती दाखव म्हणाला असता. त्याचे डोळे भरून आले. उद्या घरी येतो, बायकोला घेऊन येतो, टाक हलवू नकोस, एवढंच तो बोलू शकला.

माधुरी तांदूळ निवडत होती. त्यानं तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, पिठाच्या पिशवीपासून काउंटरच्या काचेपर्यंत. सांगून झाल्यावर तिनं ताटातले शेवटचे खडे वेचले आणि रोख्याचे किती आले तेवढं विचारलं. त्यानं आकडा सांगितला. ती उठून आत गेली आणि त्या रात्री तिनं त्याचं पान वाढलं, पण स्वतः त्याच्या पंगतीला बसली नाही.

दुसऱ्या दिवशी कुंडलिकनं शेगडी, फुंकणी, मूस, ऐरण, ठसा आणि काटा रिक्षात घातला. माधुरीही येऊन बसली. खणाच्या कोपऱ्यात मापाचा दोराही सापडला, गाठीसकट. वाडीत पोचल्यावर ओसरीवर बसून त्यानं सर्जेरावाला खरं सांगितलं. सर्जेराव लाल झाला, उठला, शेजारच्यांना हाक मारायला निघाला. पण दारापर्यंत जाऊन थांबला.

"मला का सांगितलं न्हाई तिनं?" तो म्हणाला.

बोअरची बुजलेली जागा ओसरीवरून दिसत होती. त्यानं तिकडं बघितलं आणि गुपचूप येऊन बसला.

अंजनानं टाक देव्हाऱ्यातून दोन हातांनी उचलून आणला. कुंकू लावलं आणि तुझंच तुला करायचंय गं थोरले, एवढं म्हणून मुशीत ठेवला. कोळशाखाली जाळ धरायला तिनं त्या जुन्या नोटा घातल्या. त्या जळायला लागल्या तसा ओसरीभर भाकरी भाजल्याचा वास सुटला. सर्जेरावानं मान फिरवली. थोरलीच्या हातच्या भाकरीचा तो वास त्याला पावणेनऊ वर्षांत आला नव्हता.

टाक वितळला. नखाएवढ्या पत्र्याचा थेंब व्हायला हवा होता. पण मुशीत सोनं चढत गेलं, दुधासारखं वर आलं आणि काठाशी थांबलं. कुंडलिकचं कसब अजून हातात होतं. त्यानं सोनं ओतून निववलं आणि काट्यावर ठेवलं. पाटल्यांचे वीस ग्रॅम आणि सर्जेरावानं टाकाला दिलेला एक, असे एकवीस हवे होते. भरलं गुंजभर कमी.

आता सोनाराच्या घरचं सोनं उरलं होतं ते एकाच जागी. कुंडलिकनं माधुरीकडं बघितलं नाही, त्याला ते मागता आलं नसतं. तिनं आपणहून मंगळसूत्र काढलं, पकडीनं सासरच्या वाटीची कडी तोडली, आतली लाख टोकरून काढली आणि वाटी मुशीत टाकली.

"ओरबाडून नेण्यापेक्षा दिलेली बरी," ती म्हणाली. राहिलेल्या एका वाटीचं मंगळसूत्र तिनं परत गळ्यात घातलं.

दुसऱ्यांदा तोललं तेव्हा एकवीस ग्रॅम भरलं, आणि वर गुंजभर.

कुंडलिक दिवसभर खाली मान घालून ठोकत राहिला. दोऱ्याच्या मापानं दोन साध्या पाटल्या वळल्या, नक्षी नाही, काही नाही. एका ग्रॅमचा पत्रा ठोकून ठशावर दाबला. टाक उचलला तर तो पिसासारखा हलका, जसा असावा तसा. भिंग लावायची त्याची छाती झाली नाही. अंजनानंच तो उजेडात धरला आणि हातात रेघा हायत, म्हणाली.

थोरलीचं मनगट बारीक होतं, अंजनाचं हाड पेरानं जाड. पाटल्या तिला होणार नाहीत असं कुंडलिकला वाटलं होतं. तिनं त्या आधी टाकाला दाखवल्या आणि मग चढवल्या. तेलबोट लावावं लागलं नाही, कोणीतरी हात धरून घातल्यासारख्या त्या सरळ आत गेल्या. सर्जेरावानं जरा बघू म्हणून एक काढायला घेतली. ती हलली नाही. त्यानं परत ओढून बघितली नाही, आणि त्याच्या तोंडावरून कळलं की या पाटल्या कोणत्याच बोअरसाठी मोडल्या जाणार नाहीत.

काट्याच्या ताटलीत गुंजभर सोनं तेवढं उरलं. देवाला वाहू, असं सर्जेराव म्हणाला. अंजनानं मान हलवली. ते थोरलीचं न्हाई, ती म्हणाली, तिनं तिचं घेतलं.

कुंडलिकला ते सोनं ओळखता आलं. दोन हजार अठरात, कोणी बघत नसताना, त्यानं टाकात घातलेलं ते गुंजभर. ज्या दानावर तो त्या रात्री गाढ झोपला होता, ते सुलक्षणेनं ठेवून घेतलं नव्हतं. भाकऱ्या थापून तिनं तिचं मिळवलं होतं, तिला सोनाराची भीक नको होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याला तिची भीती वाटली नाही, फक्त लाज वाटली.

शेगडीच्या कडेला एक जुनी नोट जळायची राहिली होती. माधुरीनं ती उचलली, ताटलीतलं सोनं चिमटीत घेऊन तिच्यात ठेवलं, सोनारणीच्या सवयीनं नीट पुडी बांधली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"मेल्यावर तोंडात घालायला गुंजभर सोनं लागतंच," ती म्हणाली. "जपून ठेवा. तेवढंच तुमचं आहे."

कुंडलिकनं पुडी आतल्या खिशात ठेवली. ती जड आहे की हलकी, हे बघायची त्याची हिंमत झाली नाही.